समुद्रतळाची पैसेवारी

कृषी खात्यातल्या नोकरीत मी पीक कापणीचे किती प्रयोग केले, त्याची मोजदाद ठेवली नाही. गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठण. बाजरी, मका, ज्वारी, कापूस. पद्धत सगळीकडे एकच. शेतातली जागा आपण निवडायची नाही, ती आकड्यांच्या तक्त्यावरून निघते. तिथं खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि दोरीच्या आत येईल तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. एखादा शेतकरी हात जोडून म्हणायचा, "साहेब, प्लॉट जरा पलीकडं टाका, तिकडं पीक पार गेलंय." त्याचं म्हणणं खरंही असायचं. पण दोरी हलवायची नाही. एकदा हलवली की त्या वजनाला अर्थ उरत नाही, आणि त्याच वजनांवर पुढं गावाच्या पैसेवारीचा, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा, हिशेब उभा राहतो. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाचं वर्ष ठरतं.

ती दोरी मला निवृत्तीनंतर पुन्हा भेटली, आणि भेटली ती मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या एका खडपावर, दोन पुरुष खोल पाण्याच्या तळाशी.

माझी पुतणी संभाजीनगरच्याच विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकली. ज्या जिल्ह्यातून समुद्र पाहायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, तिथल्या मुलीनं प्रवाळांच्या मागं लागावं याचं घरात सगळ्यांनाच नवल होतं. ती आणि तिचे सोबती डिसेंबरात मालवणला सर्वेक्षणाचा सराव करणार होते. तिचा फोन आला: "काका, तुम्ही जन्मभर शेतात जे केलंत, तेच आम्ही पाण्याखाली करतो. या एकदा बघायला."

निघण्याआधी सिटी चौकातल्या सराफ्यात गेलो होतो. बायकोच्या अंगठीतलं पोवळं सैल झालं होतं, ते बसवून घ्यायचं होतं. आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की आधी हे पोवळं आठवतं: मंगळाचं रत्न, लाल, गुळगुळीत. दागिन्यातलं हे पोवळं पूर्वापार आलं ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून. आणि आमच्या भागाशी त्याचं नातं फार जुनं आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भरुच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे, आणि त्याच बंदराला माल पाठवणाऱ्या गावांत आपलं पैठण आणि तेर आहेत. भरुचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, असं तो लिहितो. म्हणजे गोदाकाठी लोक दोन हजार वर्षांपूर्वीही प्रवाळ ओळखत असणार, पण मेलेलं, घासूनपुसून चकचकीत केलेलं. जिवंत प्रवाळ पाहायला आमच्या घरातलं पहिलं माणूस गेलं ते आत्ता.

खरं तर पहिलं नव्हे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही सगळे मालवणला सहलीला गेलो होतो आणि मी पाण्यात उतरलोही होतो. पण त्या वेळी मी काय केलं ते पुढं सांगतो.

रात्रीच्या बसनं कोल्हापूर, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट, कणकवली, कसाल आणि मग उजवीकडे मालवण. सहाशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. घाट उतरताना पहाटेच्या धुक्यात जांभ्या दगडाचा तांबडेपणा दिसू लागला, तेव्हा आपला काळा कातळ मागं पडल्याचं जाणवलं.

मालवणच्या धक्क्यावर होडीवाल्या तात्यांनी पहिलाच प्रश्न केला, "खंयसून इलात?" संभाजीनगर म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. दिवाळीत आणि मे महिन्यात मराठवाड्याच्या गाड्या रांगेनं येतात, म्हणाले. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा होता. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून याचं बांधकाम सुरू केलं. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलेला हा कोट आपण सगळे पाहतो, आतली दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर पाहतो, महाराजांच्या हाताचा नि पायाचा ठसा पाहतो. तटाच्या बाहेर, लाटांच्या खाली काय आहे, ते मात्र किल्ल्याच्या फेरीत कुणी दाखवत नाही.

तिथं महाराष्ट्राचं एकमेव सागरी अभयारण्य आहे. 1987 साली ते घोषित झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.18 चौरस किलोमीटरचा. किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूची पाण्याखालची खडपं या गाभ्यात येतात. आमच्या नाथसागराचा फुगवटा भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात जातो. त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढं हे अभयारण्य. आणि त्यावर कोणाकोणाचा जीव अवलंबून? रापण ओढणारे, गळाने मासे धरणारे, प्रवासी होड्यावाले, डायव्हिंगवाले, घरगुती खानावळवाले, सगळ्यांचाच. घोषणा झाली तेव्हापासून मच्छीमारांचा विरोध राहिला आहे. आपली पोटापाण्याची जागा कागदावर दुसऱ्याची झाली, असं त्यांना वाटलं. मला ती भीती चुकीची वाटत नाही. जमीन आणि पाणी यांच्या हद्दी कचेरीत आखल्या की काय होतं, ते मराठवाड्यातल्या धरणग्रस्ताला सांगावं लागत नाही.

सकाळी मतलई वारा होता, समुद्र निवांत. चार जण सिलिंडर लावून खाली जाणार होते, मी लाइफ जॅकेट, मुखवटा आणि श्वासाची नळी घेऊन वर तरंगणार होतो. होडीत पुतणीनं मला कामाचा क्रम सांगितला. आधी टेप टाकायची, मग सगळ्यांनी बाजूला होऊन थांबायचं. माणसं आली की मासे पांगतात. ते पुन्हा आपापल्या उद्योगाला लागेपर्यंत पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. मग आधी मासे मोजायचे, प्रवाळ नंतर. प्रवाळ कुठं पळून जात नाही.

त्यांची पद्धत 'रीफ चेक' नावाची, 1997 पासून जगभर स्वयंसेवक वापरतात ती. एकाच खोलीवर शंभर मीटर टेप, त्यात वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. टेपच्या दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर आणि वर पाच मीटर, एवढ्या पाण्याच्या बोगद्यात जे मासे असतील तेवढेच मोजायचे. बोगद्याबाहेरून कितीही सुंदर मासा गेला तरी तो नोंदीच्या पाटीवर येत नाही. "प्लॉटबाहेरचं कणीस," मी म्हटलं. ती हसली.

सगळेच मासेही मोजत नाहीत. ज्यांच्या असण्या-नसण्यातून काही कळतं असे निवडलेले. फुलपाखरू मासे मोजायचे, कारण त्यांतल्या बऱ्याच जाती प्रवाळच खातात. प्रवाळ गेलं की तेही जातात. गोबरा आणि तांबोशी मोजायचे, कारण बाजारात यांना भाव आहे. खडप दिसायला चांगलं पण गोबरा एकही नाही, किंवा आहेत ते सगळे वीतभरच, म्हणजे मासेमारीचा ताण. पोपट मासे मोजायचे, कारण ते चोचीनं दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. शेवाळ खाणारे मासे संपले तर शेवाळ वाढतं आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला स्वच्छ दगडच उरत नाही. हे मला चटकन कळलं. शेतात तण माजलं की पिकाचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला प्रवाळ आणि शेवाळ यांची भांडणं समजावून सांगावी लागत नाहीत.

माशांची लांबीही अंदाजानं लिहायची असते. आणि तो अंदाज पाण्यात हमखास फसतो, कारण मुखवट्यातून पाहिलेली वस्तू सुमारे एक तृतीयांशानं मोठी दिसते. म्हणून ही मुलं आधी पाण्यात ठराविक लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्या बघून डोळा तयार करतात.

पाण्यात तोंड घातलं. डिसेंबरातही मालवणचं पाणी लक्षद्वीपच्या चित्रांसारखं निळंशार नसतं, हिरवट असतं, त्यात गाळाचे कण तरंगत असतात. आधी सगळं नुसतं दगडांचं माळरान वाटलं. मग डोळा सरावला. दगड समजत होतो त्यातला एक पिवळसर तपकिरी गोळा जिवंत होता, पोराइटीस जातीचा. पलीकडच्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरं कोरलेली. एका कडेला पसरट, मुडपलेल्या कडांच्या ताटल्यांसारखं टर्बिनेरिया. अंदमानात असतात तशा नाजूक फांद्यांची बाग इथं नाही. इथली वसती आहे ती बहुतेक गोळ्यांची नि ताटल्यांची, गाळ सोसणारी, चिवट. मला ती आमच्याकडच्या माळावरच्या बाभळी-हिवरांची नातलग वाटली. पोराइटीसचा गोळा वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. टेपखाली आलेल्या एका गोळ्याची उंची पाहून मी मनात हिशेब केला: मी नोकरीला लागलो तेव्हा हा नुकताच रुजलेला, बोटाएवढा असेल.

मासे मोजून झाल्यावर दुसऱ्या जोडीतल्या दोघी मुली टेपवरून निघाल्या. दर अर्ध्या मीटरला त्या थांबत आणि दोरीला बांधलेला एक नट खाली सोडत. ओळंबा! नट ज्यावर टेकेल त्याची नोंद: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, शेवाळ, स्पंज, दगड, मोडका चुरा, वाळू, गाळ. वीस मीटरच्या तुकड्यात चाळीस ठिपके, चार तुकड्यांचे एकशे साठ. ओळंबा कशासाठी, तर डोळ्याला आवडेल त्यावर नजर जाऊ नये म्हणून. अर्ध्या मीटरच्या खुणेखाली वाळू असेल आणि चार बोटांवर देखणं प्रवाळ असेल, तरी पाटीवर वाळूच लिहायची. त्या मुली प्लास्टिकच्या पाटीवर साध्या शिसपेन्सिलीनं लिहीत होत्या. वर तरंगत मी ते बघत होतो आणि का कोण जाणे, घसा दाटून आला. वैजापूरच्या उन्हात दोरी ताणणारे माझे कृषी सहायक आठवले. त्यांच्या कामाला कुणी कधी टाळी वाजवली नाही.

तिसरं काम रंगाचं. क्वीन्सलँड विद्यापीठानं 2002 मध्ये काढलेलं एक कार्ड आहे, चौकोनी, कडेनं रंगांच्या पट्ट्या, 1 ते 6. एक म्हणजे पांढरटाच्या जवळचा, सहा म्हणजे गडद. कार्ड प्रवाळाशेजारी धरायचं, त्याची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद जागा कोणत्या आकड्याशी जुळते ते लिहायचं. भात पिकाला नत्र द्यायचं का, हे ठरवायला पानाशी रंगपट्टी लावून बघतात, हुबेहूब तीच युक्ती.

रंगाचं महत्त्व असं. प्रवाळ हा प्राणी; त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाड्यानं राहतं, आणि भाडं म्हणून उन्हावर बनवलेलं अन्न देतं. प्रवाळाच्या गरजेतला मोठा वाटा, कधी नव्वद टक्क्यांपर्यंत, त्यातून भागतो. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर हे भाडेकरू बाहेर पडतात. रंग त्यांचा, ते गेले की प्रवाळ पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं तर महिन्या-दोन महिन्यांत सांगाड्यावर शेवाळ चढतं. शास्त्रज्ञ म्हणूनच नुसतं तापमान बघत नाहीत, जादा उष्णतेचे आठवडे जमेस धरत जातात. आमच्याकडे एका कडक उन्हाच्या दिवशी पीक जात नाही. पावसाला तीन आठवड्यांचा खंड पडतो, तेव्हा जातं.

जगभर असा उष्णतेचा तडाखा 1998, 2010 आणि 2014 ते 2017 मध्ये बसला. त्या तिसऱ्या वेळी मालवणच्या प्रवाळांचेही रंग उडाल्याच्या नोंदी अभ्यासकांनी केल्या. एप्रिल 2024 मध्ये चौथ्या जागतिक घटनेची घोषणा झाली, आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. लक्षद्वीपचं उदाहरण पुतणी वारंवार देते, कारण तिथं म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी त्याच त्या बेटांवर, त्याच त्या जागी 1998 पासून 2022 पर्यंत मोजत राहण्याची चिकाटी दाखवली. चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. प्रत्येक तडाख्यानंतर भर पडत होती, पण दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत गेल्यामुळे पूर्ण सावरायला वेळ मिळाला नाही. एका वर्षाच्या भेटीत हे कुणालाच दिसलं नसतं. म्हणून त्या दिवशीच्या मालवणच्या टेपवर काय आकडे आले ते मी इथं लिहीत नाही. सरावाच्या एका दिवसावरून एखाद्या खडपाला नापास किंवा पास करणं हे एका प्लॉटवरून तालुक्याचा दुष्काळ ठरवण्यासारखं होईल.

पण जे नुसत्या डोळ्यांनी दिसलं ते लिहायला हवं. दुपारपर्यंत आजूबाजूला प्रवासी होड्या जमल्या. दोन होड्यांनी नांगर टाकले, सरळ खडपावर. एका होडीतून पावाचे तुकडे पडू लागले आणि काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांचा थवाच्या थवा तिकडे धावला. फोटो छान येतो. पण त्या थव्यानं माशांची गणती बिघडते, आणि शेवाळ खायचं सोडून मासे पावाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. मग दम लागलेला एक गृहस्थ आधारासाठी एका गोळ्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहिला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच मी उभा होतो. पाण्यात घाबरलो, खाली दगड दिसला, उभा राहिलो, वर बायकोला हात केला. त्याचा फोटो अजून घरात आहे. होडीवर कुणी सांगितलं नव्हतं की तो दगड नाही. मीही विचारलं नव्हतं. सगळी कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी मी ज्यावर उभा होतो तो जीव वाघाच्या पंक्तीतला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी 2020 मध्ये हौशी डायव्हिंगमुळे मालवणच्या अभयारण्यातल्या प्रवाळांची कशी मोडतोड होते यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो पुतणीनं मला वाचायला दिला होता. वाचताना प्रत्येक ओळीत मला माझे पाय दिसत होते.

संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. अर्धवर्तुळात सोडलेलं जाळं, दोन टोकांना दोन रांगा, म्हातारे, पोरं, बायका, सगळे मिळून दोर ओढत होते. जाळ्यात तारली, थोडा बांगडा, चार मुडदुशे. तात्या वाळूत बसून म्हणाले, "पयलां रापण भरलेली असायची, आता दोर जड आणि जाळां हलका." पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध, दिव्याच्या झोतात केलेल्या मासेमारीविरुद्ध इथला रापणकर वर्षानुवर्षं भांडतो आहे. 2016 साली राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही. मी तात्यांना विचारलं, खडपावरचा गोबरा पूर्वी केवढा मिळायचा? त्यांनी हात कोपरापर्यंत दाखवला, मग थोडा थांबून खांद्यापर्यंत नेला. पुतणीनं वहीत लिहून घेतलं. तिचं म्हणणं मला पटलं: टेप आत्ताचं सांगते, तात्यांचा हात आधीचं सांगतो, आणि दोन्ही एका वहीत आल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मच्छीमारांना बाजूला ठेवून केलेली गणती मला शेतकऱ्याला बांधावर उभं करून केलेल्या पंचनाम्यासारखी वाटते.

तात्यांनीच मला आंग्रिया बँकेबद्दल सांगितलं. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या वर, खोल समुद्रातून वर आलेलं एक बुडीत पठार. माथ्यावर वीसेक मीटर पाणी, स्वच्छ, आणि प्रवाळ. नाव कान्होजी आंग्र्यांचं. तिथं पाय टेकवायला कुणी जाऊ शकत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं.

परत निघताना मी त्या मुलांच्या टेपच्या दोन टोकांची नोंद पाहिली: अक्षांश, रेखांश, खोली, तारीख, पाण्याचं तापमान. पुढच्या डिसेंबरात तीच जागा. त्याच्या पुढच्याही.

मराठवाड्यातून मालवणला जाणाऱ्या माझ्या वाचकांना हात जोडून सांगतो. होडीत बसायच्या आधी विचारा, नांगर कुठं टाकणार? खडपावर टाकणार असेल तर दुसरी होडी बघा. पाव, बिस्किटं घरी ठेवा. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घाला, सोबतच्या माणसाचा हात धरा, दम लागला तर पाठीवर उताणे तरंगा. खाली दगड दिसला तरी त्यावर पाय टेकू नका.